परवान्याची बंदूक आणि शिक्षेचा आकडा

अमेरिकेतील टेक्सास राज्यात 1995 साली एक कायदा झाला. जॉर्ज डब्ल्यू. बुश तेव्हा तिथले गव्हर्नर होते. त्यांच्या सहीने झालेल्या या कायद्यानुसार 1996 पासून सर्वसामान्य नागरिकाला कपड्याआड पिस्तूल बाळगून फिरण्याचा परवाना मिळू लागला. या परवानाधारकांपैकी किती जणांना गुन्ह्यात शिक्षा झाली आणि राज्यात एकूण किती जणांना झाली, याचा तक्ता तिथले सार्वजनिक सुरक्षा खाते दरवर्षी छापते. बंदूकवाल्यांच्या संघटनांना हा तक्ता प्राणाहून प्रिय आहे. 2011 सालचाच घ्या. त्या वर्षी तक्त्यातील गुन्ह्यांसाठी राज्यात 63,679 शिक्षा झाल्या. त्यांपैकी परवानाधारकांच्या वाट्याला आल्या फक्त 120. शेकडा एक-पंचमांशसुद्धा नाही! परवानाधारक तेव्हा पाच लाखांहून अधिक, म्हणजे राज्याच्या अडीच कोटी लोकसंख्येत शेकडा दोन होते. तेव्हा लोकसंख्येतील वाट्याच्या मानाने त्यांचा शिक्षेतील वाटा दहाव्या हिश्श्याएवढाही नाही. यावरून निष्कर्ष असा काढला जातो की परवान्याची बंदूक बाळगणारा माणूस इतरांपेक्षा सज्जन असतो आणि त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

हाच युक्तिवाद आता आपल्याकडेही ऐकू येतो. 'गुन्हे करतात ते बेकायदा कट्टेवाले, परवानाधारक तर प्रतिष्ठित नागरिक', हे वाक्य वकिलांच्या खोलीत, पोलीस ठाण्यात आणि विधानसभेच्या गॅलरीत सारख्याच सहजतेने फेकले जाते. म्हणून या आकड्याची उलटतपासणी करणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. टेक्सासचे गणित चुकीचे नाही. बहुतेक परवानाधारक कुणावर गोळी झाडत नाहीत, हेही खरे. प्रश्न आहे तो हा पुरावा नेमका कशाचा, याचा. टेक्सासमध्ये परवाना मागणारा एकवीस वर्षांचा असावा लागे. गंभीर गुन्ह्यात त्याला कधीही शिक्षा झालेली नसावी, किरकोळातल्या वरच्या दर्जाच्या गुन्ह्यातही मागच्या पाच वर्षांत झालेली नसावी. मुलाबाळांच्या पोटगीची किंवा कराची थकबाकी नसावी. बोटांचे ठसे द्यावे लागत, वर्गात बसावे लागे, परीक्षा द्यावी लागे आणि 2017 पर्यंत तब्बल 140 डॉलर फी भरावी लागे. इतक्या चाळण्यांतून चाळून घेतलेल्या धान्यात खडे कमी निघाले, तर त्याचे श्रेय चाळणीला द्यायचे की पोत्यावर मारलेल्या शिक्क्याला? ज्यांना पूर्वी शिक्षा झालेली आहे ते एका पारड्यातून आधीच काढून टाकायचे, दुसऱ्या पारड्यात सगळे ठेवायचे आणि मग तराजू दाखवायचा. कुठलेही न्यायालय असली तुलना पुराव्यात घेणार नाही. खरी तुलना करायची असेल तर त्याच वयाचा, त्याच उत्पन्नाचा, तितकाच कोऱ्या पाटीचा पण बंदूक नसलेला माणूस शेजारी उभा करावा लागेल. तो तक्ता कुणी छापत नाही.

बंदुका वाढल्या की गुन्हे घटतात, असे सांगणारे जॉन लॉट यांचे पुस्तक 1998 साली आले आणि खूप गाजले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळी आकडेवारी तपासली आणि 2004 साली सांगितले की, असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, उलट बाजूचाही नाही. 2019 साली जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक वर्षांची आकडेवारी घेऊन दाखवले की, असे कायदे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्क्यांनी जास्त राहिले. आणि ज्या परवान्याचे इतके कौतुक झाले त्याची गरजच टेक्सासने 1 सप्टेंबर 2021 पासून काढून टाकली. आता तिथे बहुतेक प्रौढ माणसांना परवान्याशिवाय पिस्तूल लावून फिरता येते. चाळणीच्या जोरावर भांडण जिंकायचे आणि जिंकल्यावर चाळणी फेकून द्यायची, हा प्रस्थापितांचा जुनाच खाक्या आहे!

पण आमचा मुख्य आक्षेप याहून खोलवर आहे. या तक्त्यात मोजली जाते ती शिक्षा. गुन्हा मोजला जात नाही. गुन्हा आणि शिक्षा यांच्या मध्ये ठाणेदार असतो, तपास असतो, सरकारी वकील असतो, साक्षीदार असतात आणि न्यायाधीश किंवा ज्युरी असते. यांतला प्रत्येक जण कुणाकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्यावर शेवटचा आकडा ठरतो.

26 फेब्रुवारी 2012 रोजी फ्लोरिडातील सॅनफर्ड गावात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा काळा मुलगा दुकानातून परतत होता. त्याच्याजवळ गोळ्यांची पुडी आणि पेयाचा डबा होता. वस्तीची राखण करणाऱ्या जॉर्ज झिमरमनला तो संशयास्पद वाटला. पोलिसांनी पाठलागाची गरज नाही असे फोनवर सांगूनही तो मागे गेला आणि त्याने गोळी झाडली. झिमरमनकडे पिस्तूल बाळगण्याचा रीतसर परवाना होता. 13 जुलै 2013 रोजी ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. आता टेक्सासच्या पद्धतीने फ्लोरिडाचा तक्ता मांडा. त्यात ही हत्या कुठे दिसेल? कुठेच नाही. मुलगा मेला, मारणारा कोण हे साऱ्या जगाला ठाऊक, तरी तक्त्यात तो परवानाधारक स्वच्छच राहतो.

दुसरी घटना हिच्या उलटी आहे. फिलांडो कॅस्टील हा बत्तीस वर्षांचा काळा माणूस मिनेसोटातील एका शाळेच्या भोजनगृहात काम करीत असे. त्याच्याकडेही परवाना होता. 6 जुलै 2016 रोजी पोलिसाने त्याची गाडी थांबवली. आपल्याजवळ बंदूक आहे, हे त्याने कायदा पाळणाऱ्या माणसाप्रमाणे आपणहून सांगितले. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची लहान मुलगी होती. जून 2017 मध्ये तो पोलीसही निर्दोष सुटला. परवाना एकच, कागद एकच, पण तो गोऱ्याच्या खिशात असला की प्रतिष्ठेचा दाखला ठरतो आणि काळ्याच्या खिशात असला की मरणाचे निमित्त!

अमेरिकेत हे आजचे नाही. 1857 साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सरन्यायाधीशांनी काळ्यांना नागरिक मानायला नकार दिला, तेव्हा दिलेल्या कारणांत हेही एक होते की नागरिक मानले तर त्यांना शस्त्रे घेऊन फिरण्याचा हक्क द्यावा लागेल. जानेवारी 1956 मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारण्यात आला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला तो अपात्र! 1967 साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा बंदूकप्रेमी समजले जाणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीच भरलेल्या बंदुका घेऊन फिरण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि 2022 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची 1911 पासूनची परवाना पद्धत मोडीत काढली, तेव्हा ती मोडा म्हणणाऱ्यांत गरिबांचे खटले लढवणारे न्यूयॉर्कचे काही वकीलही होते. ही पद्धत राबते ती आमच्या काळ्या आणि लॅटिनो अशिलांना तुरुंगात घालण्यासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. त्या निकालाचा परिणाम आम्हांला चांगला वाटत नाही, पण त्या वकिलांची वेदना आम्हांला परकी नाही.

कारण आपल्या देशात कुणी शस्त्र धरावे आणि कुणी धरू नये, हे ठरवणारी पहिली परवाना पद्धत मनूची आहे. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्णांना विद्या आणि शस्त्र दोन्ही नाकारले, म्हणूनच त्यांना बंड करता आले नाही, असे परमपूज्य बाबासाहेबांनी निक्षून सांगितले आहे. 1818 साली कोरेगावच्या रणात लढलेल्या महारांना इंग्रजांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरतीतून बाद केले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले आणि महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनाला सूट दिली. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्याने ही विषमता कागदावरून पुसली. त्या कायद्याचे कलम 14 पोटकलम 2 आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे ते सांगते.

कागद असे सांगतो. प्रत्यक्षात काय होते? शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात, पण फाईल फिरते ती ठाण्याच्या अहवालावर. अर्जदाराची वागणूक कशी, त्याला गरज काय, हे लिहिणारा अधिकारी गावात कुणाच्या ओट्यावर चहा घेतो? पन्नास एकर बागायतीला 'जीविताचा धोका' असतो. गायरानातील दोन एकर पडिकावर पेरणी करणाऱ्या आणि त्या पेरणीपायी डोकी फुटलेल्या मागासवर्गीयाला मात्र धोका नसतो, त्याचा 'किरकोळ वाद' असतो! 2016 च्या अखेरीस देशात 33 लाखांहून अधिक परवाने होते आणि त्यांपैकी 12 लाख 77 हजार एकट्या उत्तर प्रदेशात. ते कोणत्या जातींच्या घरांत आहेत, हे सरकार सांगत नाही. परवानाधारकांपैकी कितींना शिक्षा झाली, असा टेक्साससारखा तक्ताही आपल्याकडे छापला जात नाही.

समजा, उद्या छापला. काय दिसेल? परवानाधारक धुतल्या तांदळासारखे दिसतील. कारण ज्या समाजरचनेत परवाना मिळतो, त्याच समाजरचनेत निर्दोष मुक्तताही मिळते.

तंजावर जिल्ह्यातील किळवेनमणी गावात 25 डिसेंबर 1968 च्या रात्री जमीनदारांच्या टोळीने दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला केला, बंदुका चालवल्या आणि एका झोपडीत जीव मुठीत धरून लपलेल्या 44 जणांना जाळून मारले. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरे होती. मद्रास उच्च न्यायालयाने 1973 साली जमीनदारांना सोडले. सोडताना न्यायालयाला काय आश्चर्यकारक वाटले? आरोपी मोठ्या जमिनींचे धनी, त्यांतल्या एकाकडे तर मोटार, अशी माणसे स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील, हेच! मोटार हाच चारित्र्याचा दाखला. बंदुकीचा परवाना हा दुसरा काय असतो?

बिहारमध्ये 11 जुलै 1996 रोजी बथानी टोला येथे 21 जण मारले गेले. 2010 साली आऱ्याच्या न्यायालयाने 23 जणांना दोषी ठरवले, 2012 साली पाटणा उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. 1 डिसेंबर 1997 रोजी लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने 58 जणांना गोळ्या घातल्या. 26 जण दोषी ठरले, 9 ऑक्टोबर 2013 रोजी सगळे सुटले. म्हणजे 79 मुडदे आणि शिक्षेच्या रकान्यात शून्य. तक्ता करणारा कारकून प्रामाणिक असेल, बेरीजही अचूक असेल, पण शून्याची बेरीज शून्यच येणार.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण वेगळ्या तऱ्हेचे आहे. 29 सप्टेंबर 2006 च्या खैरलांजी हत्याकांडात बंदूक नव्हती. शिक्षा झाली, 2010 साली नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षांची जन्मठेप केली, पण अॅट्रॉसिटीचे कलम लागले नाही. भोतमांगे कुटुंबाचे चार जीव गेले आणि अॅट्रॉसिटीच्या रकान्यात एकही शिक्षा नाही. शिक्षा झाली तरी ती कोणत्या रकान्यात टाकायची, यातही जात लपवता येते. 2020 साली अॅट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षेचे देशातील प्रमाण 39.2 टक्के होते, 2022 साली ते 32.4 टक्क्यांवर घसरले, आणि महाराष्ट्र त्याहूनही खाली राहात आला आहे. फिर्यादी मजुरीसाठी आरोपीच्याच शेतावर जातो, साक्षीदाराचे रेशन आरोपीच्या भावाच्या दुकानातून येते आणि मग खटला उभा राहीपर्यंत पंच फितूर होतात. याला आम्ही 'शिक्षेचे प्रमाण' म्हणतो. हे खरे तर दहशतीचे प्रमाण आहे.

म्हणून शस्त्र परवान्याचा प्रश्न शिक्षेच्या आकड्यावर सोडता येत नाही, आणि आपल्या कायद्याने तो सोडलेलाही नाही. अॅट्रॉसिटी प्रतिबंधक नियम 1995 मधील नियम 3 काढून वाचा. अत्याचारप्रवण क्षेत्र निश्चित केल्यावर तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि घरोब्याच्या मित्रांचेसुद्धा शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, असे हा नियम सांगतो. बेकायदा शस्त्रे जप्त करा, असे सांगतो. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्या, असेही सांगतो. यात कुठेही 'शिक्षा झाल्यावर' हे शब्द नाहीत. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की शिक्षेची वाट पाहायची तर वस्ती जळून जाईल. तीस वर्षे झाली. आपल्या जिल्ह्यात या नियमाखाली एक तरी बंदूक जमा झाल्याची बातमी आमच्या वाचकांनी वाचली आहे काय?

इथे आमच्या काही तरुण मित्रांशी आमचा मतभेद आहे. 'नियमातच आहे, तर आम्हांलाही बंदुका द्या,' अशी मागणी प्रत्येक हत्याकांडानंतर होते. त्यांचा संताप आम्ही समजतो. हक्क म्हणून ती मागणी बरोबरही आहे, कारण समान कायद्यात एकालाच बंदूक आणि दुसऱ्याला काठीही नाही, हे चालणार नाही. पण आम्ही तथागतांचे अनुयायी आहोत. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे भगवंतांनी सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. आणि धम्म क्षणभर बाजूला ठेवून निव्वळ वकिलाच्या नजरेने पाहिले तरी आम्हांला कॅस्टील आठवतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एक परवान्याची बंदूक आली, की दुसऱ्या दिवशी शस्त्र कायद्याखाली क्रॉस केस तयार असेल आणि त्या खटल्यात मात्र पंच फितूर होणार नाहीत. म्हणून आमचा आग्रह नियमाच्या पहिल्या भागावर आहे. आधी त्यांच्या बंदुका जमा करा.

हे अशक्य नाही, हे बीडने दाखवले आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, राज्य हादरले, आणि मग प्रशासनाला अचानक आठवले की जिल्ह्यात गुन्हे दाखल असलेल्यांकडेही शस्त्र परवाने आहेत. 2025 च्या आरंभी छाननी होऊन परवाने रद्द करण्याची कारवाई झाली. छाननी करायला मुळात एका सरपंचाचा जीव जावा लागावा काय? आणि दलिताचा जीव गेल्यावर ही छाननी का होत नाही?

कायद्याची बाजू आमच्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. शस्त्र कायद्याच्या कलम 17 खाली सार्वजनिक शांततेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करता येतो, त्याला दोषसिद्धी लागत नाही. मात्र केवळ गुन्हा प्रलंबित आहे, एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने वारंवार म्हटले आहे. तेव्हा 'अमुकवर केस आहे' असा एका ओळीचा अर्ज देऊन उपयोग नाही. वस्तीवर कोणत्या तारखेला काय घडले, बंदूक दाखवून कुणाला धमकावले, ठाण्यात नोंद कधी झाली, हे तारीखवार लिहा आणि नियम 3 चा स्पष्ट उल्लेख करा.

प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय डेटाबेसमध्ये स्वतंत्र ओळख क्रमांक आहे. गुन्ह्यांची नोंदही संगणकावर आहे. दोन्ही जोडल्या तर जिल्हावार तक्ता निघू शकतो. तो टेक्साससारखा एका रकान्याचा नको. परवानाधारकावर गुन्हे किती, अॅट्रॉसिटीचे किती, आरोपपत्र कितींत, फितुरीमुळे सुटले किती, आणि गुन्हा दाखल झाल्यावर शस्त्र जमा करून घेतले किती जणांचे, हे सगळे त्यात हवे. नियम 17 प्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते आणि जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. परवाना देणारे तेच, रद्द करणारेही तेच. पुढच्या बैठकीत आमच्या अशासकीय सदस्यांनी हा तक्ता लेखी मागावा, उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती जिल्ह्याच्या नावासह छापू.